डिस्ने वर्ल्डमध्ये शाकाहारी आई-वडिलांच्या जेवणाची सोय कशी करावी?

आपण विचारले आहे की, मे महिन्यात पुण्याहून येणाऱ्या आई-वडिलांना आणि दोन मुलांना घेऊन आपण फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे डिस्ने वर्ल्डमध्ये पाच दिवस राहणार आहात, वडील अंडेसुद्धा खात नाहीत, आईची संकष्टी त्याच दिवसांत येते, तर हे पाच दिवस पिझ्झा आणि फ्रेंच फ्राइजवर काढावे लागतील का? मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहते आणि गेल्या काही वर्षांत आधी सासू-सासऱ्यांना, मग माझ्या आईला आणि नंतर मावशी-काकांना घेऊन तेथे गेले आहे. त्या अनुभवावरून सांगते की, तशी वेळ मुळीच येणार नाही. मात्र आपल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत पोट भरणे आणि जेवण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट तेथे कोठेही भरते. दिवसातून एकदा गरम, मसाल्याची चव असलेले आणि शांतपणे बसून घेतलेले जेवण व्हावे, यासाठी मात्र घरूनच थोडी आखणी करून निघावे लागते.

सर्वप्रथम हिरव्या पानाची खूण लक्षात ठेवावी. डिस्नेने 2019 मध्ये जाहीर केले की, आपल्या उपाहारगृहांत वनस्पतिजन्य पदार्थ ठेवले जातील आणि मेनूवर त्यांच्यापुढे हिरवे पान छापले जाईल. डिस्ने वर्ल्डमध्ये ही पद्धत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सुरू झाली. आपल्याकडच्या पाकिटांवरील हिरव्या ठिपक्यापेक्षा या पानाचा अर्थ अधिक कडक आहे. त्या पदार्थात मांस-मासे तर नसतातच, पण अंडी, दूध, दुधाचे पदार्थ आणि मधही नसतो. आपल्या वडिलांसाठी ही मोठीच सोय आहे, कारण अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडे गृहीत धरलेले असते, आणि चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले, दूध घट्ट करणारे रेनेट आहे की नाही याचा विचार तर बहुतेकांनी केलेलाच नसतो. पान दिसले की हे दोन्ही प्रश्न आपोआप सुटतात. एवढे मात्र विचारून घ्यावे की, तळणीचे तेल वेगळे आहे का. कारण ते पान पदार्थात काय घातले आहे तेवढेच सांगते, तो कोणत्या कढईत तळला हे सांगत नाही. माझ्या सासूबाईंना हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटत असे, म्हणून आम्ही तळलेल्या पदार्थांऐवजी भाजलेले आणि शिजवलेले पदार्थच शोधत गेलो.

ज्या पदार्थात दूध किंवा चीज आहे त्यापुढे पान नसते, म्हणजे साधा मार्गरिटा पिझ्झाही त्या खुणेत बसत नाही. अशा वेळी तोंडाने विचारावे लागते, आणि काय विचारायचे ते नेमके ठाऊक असावे लागते. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून भागत नाही. पार्कच्या बाहेरच्या एका उपाहारगृहात आम्ही भात आणि काळ्या घेवड्याची उसळ मागवली होती. वाढणाऱ्या मुलीने हसून सांगितले की, यात मांस अजिबात नाही. मावशीचे अर्धे ताट झाल्यावर मला राहवले नाही म्हणून मी पुन्हा चौकशी केली, तेव्हा समजले की भात चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे कोंबडी उकळलेल्या पाण्यात, शिजवलेला होता. त्या मुलीने खोटे सांगितले नव्हते. तिच्या लेखी मांस म्हणजे दिसणारा तुकडा. मावशीने ताट बाजूला सारले, काही बोलली नाही, आणि त्या दिवशी पुढे दोन केळ्यांवर राहिली. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी घटकांची नावे घेऊनच विचारते: सूपमध्ये किंवा भातात चिकन स्टॉक आहे का, घेवड्यात किंवा टॉर्टिया नावाच्या मेक्सिकन पोळीत लार्ड म्हणजे डुकराची चरबी आहे का, गोड पदार्थात जिलेटिन आहे का, सॉसमध्ये मासा आहे का, अंडे आहे का. मेक्सिकन जेवणात चरबीचा, जपानी जेवणात दाशी नावाच्या माशाच्या अर्काचा, चिनी जेवणात ऑइस्टर सॉसचा, म्हणजे कालवांच्या सॉसचा, आणि सीझर सॅलडमध्ये अँकोव्ही या माशाचा प्रश्न हमखास विचारावा. इटालियन पार्मिजानो रेजानो हे चीज तर नियमानेच वासराच्या रेनेटने बनवले जाते, त्यामुळे वडिलांना ते चालणार नसेल तर पास्त्यावर वरून चीज किसून घालू नका, असे आधीच सांगावे.

डिस्नेच्या स्वतःच्या उपाहारगृहांत मला या प्रश्नांची उत्तरे नेहमी आदराने मिळाली आहेत. बसून जेवण्याच्या ठिकाणी आरक्षण करतानाच खाण्याचे पथ्य नोंदवता येते आणि टेबलावर बसल्यावर सांगितले तर शेफ किंवा त्यासाठी प्रशिक्षण दिलेली व्यक्ती स्वतः येऊन बोलते. संकोच करू नये, हे मी माझ्या आईच्या पिढीला आवर्जून सांगते. ‘कशाला त्यांना त्रास’ म्हणत ही माणसे उपाशी राहतात.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी जपाव्यात. तेथे जागोजागी मिकीच्या चेहऱ्याच्या आकाराचा, कुरमुऱ्यांच्या वडीसारखा दिसणारा एक गोड पदार्थ मिळतो. आपल्याला तो चिक्कीचा भाऊ वाटतो, पण त्यातले कुरमुरे मार्शमेलोने बांधलेले असतात आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असते, जे जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून काढतात. दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्यात लागणारे मॅक्डॉनल्ड्स. भारतातील त्यांचे फ्राइज शाकाहारी असतात, म्हणून इकडचेही तसेच असतील असे आपण धरून चालतो. पण अमेरिकेतील फ्राइजमध्ये गोमांसापासूनचा स्वाद वापरलेला असतो. त्यावरून 2001 मध्ये येथे हिंदू आणि शाकाहारी लोकांनी खटला भरला होता आणि 2002 मध्ये कंपनीने 1 कोटी डॉलर देऊन तडजोड केली, तरी तो स्वाद त्यांनी अमेरिकेतल्या फ्राइजमधून काढलेला नाही.

आता खाण्याच्या जागांविषयी. डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम असे चार वेगवेगळे पार्क आहेत. आपल्या आई-वडिलांसाठी एकच जागा निवडायची असेल तर ‘सना’ या उपाहारगृहाची जागा निवडावी. ती कोणत्याही पार्कच्या आत नसून अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किडानी व्हिलेज भागात आहे, त्यामुळे तेथे जाण्यासाठी पार्कचे तिकीट लागत नाही, आणि पार्कमधून हॉटेलपर्यंत डिस्नेची बस जाते. स्वयंपाक आफ्रिकी आणि भारतीय अशा मिश्र पद्धतीचा आहे. तेथील ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे: नान, कुलचा, पराठा अशा पाच प्रकारच्या पोळ्या आणि त्यांच्याबरोबर नऊ तोंडी लावणी, ज्यांत आंब्याची आणि चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचे लोणचे, काकडीची कोशिंबीर असते. पोळ्यांत दही-दूध आणि अंडे यांचे काय, हे तेवढे विचारून घ्यावे. नंतर भाताबरोबर वाटीतून येणाऱ्या रसभाज्यांमध्ये शाकाहारी पर्याय निवडता येतो.

आम्ही माझ्या आईला तेथे तिसऱ्या दिवशी नेले होते, आणि तोपर्यंत ती जेवणाविषयी अगदी गप्प झाली होती. नऊ वाट्यांची ती लाकडी पाटी समोर आली, तेव्हा तिने एकेक वाटीत बोटाचे टोक बुडवून चाखले आणि लसणाच्या लोणच्यापाशी थांबून म्हणाली, ‘याला फोडणी दिली आहे.’ मग तिने नान दोन्ही हातांनी फाडून सगळ्यांच्या ताटात वाढायला सुरुवात केली, घरी वाढते तशी. काचेपलीकडे गवतात जिराफ उभा होता. मुले त्याच्याकडे पाहत होती आणि आई मुलांच्या ताटाकडे. शक्य झाल्यास दिवसाउजेडी दुपारच्या उशिराची वेळ घ्यावी, कारण अंधार पडल्यावर ते कुरण दिसत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडते आणि सोयीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तारीख दिनदर्शिकेत आजच लिहून ठेवावी.

पार्कच्या आत खात्रीचे जेवण मला अ‍ॅनिमल किंगडममधील पँडोरा भागात ‘सातुली कँटीन’ येथे मिळते. भात किंवा इतर धान्य, वर टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर, भाज्या आणि सॉस अशी वाडग्यातली मांडणी असते आणि सॉस वेगळा मागता येतो. टोफू आई-वडिलांना पचेलच असे नाही. काकांना तो ‘न खारवलेले पनीर’ वाटला, पण भातामुळे ते खूश होते. एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती 11 देशांची दालने आहेत. त्यांत भारत नाही, याची मला दर वेळी खंत वाटते, पण इटलीच्या दालनातील ‘व्हिया नापोली’ येथे लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा फार चांगला मिळतो. तेथील तीन भट्ट्यांना एटना, व्हेसुव्हियो आणि स्ट्रोम्बोली या ज्वालामुखींची नावे दिली आहेत, आणि मुलांना ते पाहायला आवडते. आपण मे महिन्यात जात आहात, तेव्हा तेथे फुलांचा वसंतोत्सव चालू असण्याची शक्यता आहे. त्या वेळी वाटेत लहान लहान टपऱ्या लागतात आणि त्यांच्या पाट्यांवरही हिरवे पान असते. चार टपऱ्यांवर थोडे थोडे खाऊन दुपार छान निभते. मॅजिक किंगडममध्ये मला जेवण कधी विशेष वाटले नाही. तेथे वनस्पतिजन्य बर्गरवर भागवावे आणि ‘अलोहा आइल’ येथील डोल व्हिप, म्हणजे अननसाचे मऊ आइस्क्रीम, अवश्य घ्यावे. नुसत्या अननसाच्या प्रकारात दूधही नसते. हॉलीवूड स्टुडिओजसाठी डबाच न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि डबा खरोखरच नेता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. डिस्नेच्या पार्कमध्ये घरचे खाणे नेण्यास परवानगी आहे. अट अशी की काचेचे भांडे नको, मद्य नको, सुटा बर्फ नको आणि गरम करावे लागेल असे काही नको. लोणच्याची काचेची बरणी सुरक्षा तपासणीत अडेल, म्हणून लोणचे प्लास्टिकच्या डबीत भरावे. गार खाल्ले तरी चांगले लागणारे पदार्थ आपल्या स्वयंपाकात किती आहेत, ते अशा वेळी कळते. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी. प्रवासाला दशमी दुधात भिजवण्याची पद्धत उगाच पडलेली नाही, ती दोन-तीन दिवस मऊ राहते. डिस्नेच्या हॉटेलांतील खोल्यांमध्ये फ्रिज असतो, त्यामुळे सकाळी लागेल तेवढेच बाहेर काढता येते. पुण्याहून आणताना ताजी फळे, भाज्या आणि कच्चा तांदूळ अमेरिकेच्या विमानतळावर चालत नाहीत, हे आईंना सांगावे, आणि जे आणले असेल ते सीमाशुल्काच्या अर्जात किंवा अधिकाऱ्यापुढे स्पष्ट सांगावे. बाकी सामान ऑर्लँडोतच मिळेल; साउथ ऑरेंज ब्लॉसम ट्रेल या रस्त्याच्या परिसरात भारतीय किराणा दुकाने आणि शाकाहारी उपाहारगृहे आहेत. गाडी असेल तर पोहोचल्या दिवशीच तिकडे एक फेरी करून दही, केळी आणि पोळ्यांची पाकिटे घेऊन ठेवावीत.

दोन छोट्या सूचना. मोबाइल अ‍ॅपवरून जेवण आधी मागवून ठेवावे, म्हणजे उन्हात रांगेत उभे राहावे लागत नाही. आणि पाणी विकत घेऊ नये. जेथे पेयांचे यंत्र आहे अशा कोणत्याही काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. मे महिन्यातले तेथील ऊन दमट असते आणि पाणी कमी पडले की वयस्कर माणसांची भूकच मरते.

आता आईंच्या संकष्टीविषयी. तिथी आणि चंद्रोदय ऑर्लँडोच्या स्थानिक वेळेनुसार पाहावेत, भारतातली दिनदर्शिका तेथे उपयोगी पडत नाही. कधी कधी तारीखच एका दिवसाने बदलते. मे महिन्यात तेथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संकष्टीचा चंद्र दिसायला रात्रीचे दहा वाजून जातात आणि तोपर्यंत बहुतेक उपाहारगृहे आवरत आलेली असतात. दिवसभरासाठी राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याचा चिवडा आणि पार्कमध्ये मिळणारी ताजी फळे पुरतात. उपवास सोडण्याची तयारी मात्र खोलीत हवी. येथील दुकानांत दीड मिनिटात मायक्रोवेव्हमध्ये गरम होणाऱ्या साध्या भाताची पाकिटे मिळतात. पाकिटावर चिकन फ्लेवर लिहिलेले नाही, तेवढे पाहून घ्यावे. खोलीत मायक्रोवेव्ह नसला तर हॉटेलच्या फूड कोर्टमध्ये असतो. मावशीच्या संकष्टीला आम्ही असाच भात गरम करून आणला होता. वाहनतळाच्या कडेला, झाडांच्या वर चंद्र आल्यावर तिने हात जोडले, खोलीत येऊन त्या भातावर मेतकूट आणि तूप घातले, आणि पाकिटातला राहिलेला भातही वाढून घेतला.