माळ्यावरचा खोका

‘मॅडम, पोरानं रंगीत खेळणं चघळलं होतं. आता त्याच्या मेंदूवर परिणाम होणार का?’ समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न ऐकून आता मला पाठ झाला आहे. मोबाइलवर कुठून तरी ‘शिसं सापडलं, खेळणी परत मागवली’ अशी बातमी येते आणि साखर पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत आयांची झोप उडते. बातमी खोटी असतेच असं नाही. 2007 च्या ऑगस्टमध्ये मॅटेल या बड्या कंपनीनं रंगात शिसं निघालं म्हणून जगभरातून सुमारे 15 लाख खेळणी परत मागवली होती. पण मोठ्या कंपनीचं खेळणं परत मागवायला निदान कंपनी तरी असते. गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या बाजारात घेतलेली लाकडी गाडी कोण परत मागवणार?

अशाच एका आईची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा अडीच वर्षांचा. सिद्धेश्वराच्या यात्रेत आजीनं हौसेनं लाल-पिवळी गाडी घेऊन दिली होती. दोन महिन्यांत तिचा रंग निम्मा गेला. कुठं गेला, ते आईनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

‘पोरगं खेळायलं की मी नुसती त्याच्याकडंच बघत बसते. हट्ट केला की वाटतं, शिशामुळं. नाव विसरलं की वाटतं, शिशामुळं.’

‘रक्त तपासलंत?’

‘नाही.’

चार महिने उलटले होते. रोज रात्री मोबाइलवर वाचन, पण तपासणी नाही. पहिल्या दोन भेटींत मी तिला माहितीच देत राहिले. शिशाच्या संयुगांमुळं पिवळा-लाल रंग झगझगीत दिसतो आणि टिकतो. गिळलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट प्रमाणात मुलांच्या शरीरात शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. शिसपेन्सिलीत मात्र शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, एवढ्यानं तिला क्षणभर हायसं वाटलं. माहितीनं भीती जाईल, असा माझा समज होता. तिला माझ्याइतकीच माहिती होती.

तिसऱ्या भेटीला मी म्हटलं, ‘ती गाडी घेऊन या.’ फेकली असेल, असंच मला वाटत होतं. ती चपलांचा खोका घेऊन आली. आत एकात एक तीन पिशव्या आणि त्यात गाडी. चार महिने माळ्यावर जपून ठेवलेली.

‘कशासाठी ठेवलीत?’

‘पुरावा म्हणून.’

‘कुणाविरुद्ध?’

ती बराच वेळ खोक्याकडं बघत राहिली. मला आधी सासूबाईंवरचा राग दिसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘माझ्याविरुद्ध. सासूबाईंनी घेतली, पण स्वयंपाक होईपर्यंत रडू नये म्हणून रोज त्याच्या हातात मीच देत होते.’

पंचवीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले. तपासणी राहिली होती ती आळसानं नाही, पैशानंही नाही. अहवाल चांगला आला तर शिक्षा संपेल, वाईट आला तर ती फाशीच होईल, म्हणून खटला लांबवणंच बरं, असं तिचं मन सांगत होतं. माझी श्रद्धा आहे की माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेवर त्यानं स्वतःशी म्हटलेलं वाक्य जास्त छळतं. तिचं वाक्य होतं, ‘मी विष दिलं.’ आम्ही दोघींनी ते कागदावर दुरुस्त केलं: ‘मी खेळणं दिलं. त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. आता शंका आहे, म्हणून तपासणार.’ वाक्य साधं आहे, पण ते तिच्या तोंडून यायला दोन भेटी लागल्या.

चिंता करणाऱ्या प्रत्येक आईला मी हेच सांगते. बालरोगतज्ज्ञांकडं जा आणि ‘रक्तातील शिसं’ हे नाव घेऊन विचारा, नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाही. शिशाचा त्रास बहुधा वरून कळत नाही, त्यामुळं मुलाच्या वागण्यात लक्षणं शोधत बसू नका. नमुना शिरेतून दिलेला बरा, कारण बोटाला लागलेली धूळही आकडा वाढवते.

अहवालात रक्ताच्या एका डेसिलिटरला, म्हणजे 100 मिलिलिटरला, 4 मायक्रोग्रॅम शिसं निघालं. जागतिक आरोग्य संघटना 5 पासून पुढं शिशाचा उगम शोधायला सांगते. अमेरिकेत 2021 पासून 3.5 पासूनच सावध करतात. सुरक्षित अशी पातळी कुणीच सांगत नाही. म्हणजे निकाल ना निर्दोष, ना फाशी. डॉक्टरांनी कमी असलेल्या लोहासाठी औषध दिलं, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आणि घरात आणखी कुठं रंग उडतोय का, ते बघायला सांगितलं. जुन्या घराच्या खिडकीचा ऑइलपेंट पोपडे धरून सुटला होता आणि मुलगा तिथंच हनुवटी टेकून रस्ता बघायचा. रंगातल्या शिशाची 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ही मर्यादा आपल्याकडं 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. खिडकी त्याच्या कितीतरी आधीची. शिसं गाडीतून आलं की खिडकीतून, हे आता कळणार नाही. मी तिला एवढंच बजावलं की पॉलिश पेपरनं कोरडं घासू नका, धूळ घरभर होईल. ओल्या फडक्यानं पुसा, मुलाला तिथून लांब ठेवा, जेवणाआधी त्याचे हात धुवा. गाडी जाळू नका, पिशवीसकट कचऱ्यात द्या.

नव्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघायचं, 2021 च्या जानेवारीपासून ते बंधनकारक आहे. पण जत्रेतल्या उघड्या ढिगात ते शोधणार कुठं? तिथं तोंडात घालणाऱ्या मुलासाठी भडक रंगाचं काही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन महिन्यांनी आकडा 3 झाला. पुढच्या गड्ड्याला ती सासूबाईंसोबत मुलाला घेऊन गेली. आजी जरा बिचकत होती, हे तिनं ओळखलं. मग तिनंच बिनरंगाचं छोटं पोळपाट-लाटणं निवडलं आणि पैसे द्यायला आजीला पुढं केलं.