असॅसिन, फिदाई आणि शिंद्यांचा किताब

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘असॅसिन्स क्रीड’ या गेम-मालिकेतल्या ‘असॅसिन’ला मराठीत काय म्हणावं? ‘भाडोत्री मारेकरी’ चालेल का? आणि पहिला असॅसिन कोण, ‘ओरिजिन्स’ भागाचा नायक बायेक की पहिल्या गेमचा नायक अल्तैर?

‘भाडोत्री’ मुळीच चालणार नाही. पैसे घेऊन मारतो तो सुपारीवाला, आणि अल्तैरला कुणी सुपारी दिलेली नाही. त्याहून कान किटले आहेत ते ‘हशीश ओढून खून करायचे म्हणून असॅसिन’ या वाक्याने. यातली व्युत्पत्ती खरी, गोष्ट खोटी. अरबीत हशीश म्हणजे मुळात वाळलेलं गवत, चारा; भांग-गांजा हा अर्थ नंतरचा. 1122 च्या सुमारास कैरोच्या फातिमी खलिफाच्या बाजूने निघालेल्या पत्रात सीरियातल्या निझारी इस्माइलींना, म्हणजे शिया पंथाच्या एका शाखेला, ‘हशीशिय्या’ म्हटलं आहे. ‘असॅसिन’ म्हणून ओळखले जातात ते हेच. गादीच्या वादातून फुटलेल्या भाऊबंदांना घातलेली ती शिवी होती. आपल्या गल्लीत कुणाला ‘गंजेडी’ म्हणतात तेव्हा त्याच्या खिशात चिलीम असतेच असं नाही. क्रुसेडच्या धर्मयुद्धांत आलेले युरोपी ती शिवी घरी घेऊन गेले आणि तिचा खुलासा म्हणून तरुणांना नशा देऊन स्वर्गासारख्या बागेत नेण्याची कथा तिथे रचली गेली.

कामाची रीत पाहिली तरी कथा टिकत नाही. 1092 मध्ये सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्कला मारणारा निझारी सूफीच्या वेशात आला होता. 28 एप्रिल 1192 ला टायर शहरात मोंफेराचा कॉनराड या क्रुसेडी सरदाराला मारणारे ख्रिस्ती साधूंच्या वेशात होते. वेश घेऊन, ओळख वाढवून, हाताच्या अंतरावर पोहोचून खंजीर चालवायचा हे झिंगलेल्या माणसाचं काम नव्हे. (गेममध्ये कॉनराडऐवजी विल्यम मरतो, तोही 1191 मध्ये आणि एकर शहरात. इतिहासातला विल्यम हा कॉनराडचा बाप.)

काही विद्वान ‘असास’ म्हणजे पाया या शब्दावरून ‘असासियून’, मूळ तत्त्वाला धरून राहणारे, अशी व्युत्पत्ती लावतात. ती ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. 12 व्या शतकातला प्रवासी तुदेलाचा बेंजामिन ‘हशीशीन’ लिहितो. ‘असास’मध्ये हा ‘ह’ कुठून आणणार? ‘असॅसिन’साठी कौटिल्याचा ‘तीक्ष्ण’ हा शब्द सुचवणाऱ्यांनीही अर्थशास्त्र उघडून पाहावं. जिवावर उदार होऊन हत्तीशी किंवा श्वापदाशी ‘द्रव्यहेतोः’ झुंजणारे ते तीक्ष्ण, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे पुन्हा भाडोत्रीच.

निझारींमध्ये अशा कामगिरीवर जाणाऱ्याचं नाव होतं फिदाई. धातू फ-द-य: मोबदल्यात काही देऊन सोडवणं. रोजे धरणं ज्याला शक्य नाही तो ‘फिदया’ देतो, तो यातलाच. मराठीत आपण एखाद्या गाण्यावर ‘फिदा’ होतो, तोही यातलाच. मुघल सरदारांच्या शिक्क्यांवर ‘फिदवी’ असे, म्हणजे बादशहासाठी जीव ओवाळून टाकणारा. आणि आता ग्वाल्हेरकरांनी कान द्यावा. शिंदे महाराजांच्या लांबलचक किताबात ‘मन्सूर-ए-जमान’नंतर येतं ‘फिदवी-ए-हजरत-ए-मलिका-ए-मुअज्जमा-ए-रफी-उद-दर्जा-ए-इंग्लिस्तान’, इंग्लंडच्या महाराणीचा फिदवी. निझारींच्या इराणमधल्या अलमूत किल्ल्यातला खंजीरवाला आणि शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातला दरबारी किताब हे एकाच धातूचे भाऊ आहेत! ज्या शहराच्या राजकिताबात हा शब्द बसला होता, तिथल्या मराठी माणसाने ‘मारेकरी’ शोधत का फिरावं?

पहिल्या भागाच्या (2007) सुरुवातीचं एक दृश्य तर या शब्दाची व्याख्याच आहे. असॅसिनांच्या मसयाफ किल्ल्याच्या तटाखाली शत्रू उभा आहे, त्यांचा प्रमुख अल-मुआलिम हुकूम देतो आणि अल्तैरसह तिघे उंचावरून उडी घेतात. एकाचा पाय मोडतो. हुकूम झाला की आपला जीव आपला राहत नाही, हे फिदाईपण. ‘मारेकरी’ शब्दात फक्त समोरच्याचा जीव आहे, स्वतःचा नाही.

बायेकचं थोडक्यात. मालिकेच्या कालक्रमात ‘ओरिजिन्स’, ‘वल्हाला’ आणि ‘मिराज’ या तिन्ही भागांत संघटनेचं नाव ‘हिडन वन्स’ आहे. त्यांना ‘गुप्तजन’ म्हणा. बायेक आणि त्याची बायको आया संस्थापक खरे, पण त्यांना असॅसिन म्हणणं म्हणजे शहाजीराजांना छत्रपती म्हणण्यासारखं. इतिहासात निझारींचा पुढारी हसन-ए-सब्बाहने अलमूत घेतला 1090 मध्ये. ‘मिराज’ची गोष्ट 861 ची. धागा नावाचा नाही, बोटाचा आहे. बायेकचं अनामिका बोट मनगटातल्या छुप्या पात्याने झटापटीत तुटतं. पुढे त्या अपघाताचा विधी होतो आणि ‘मिराज’चा नायक बासिम याचं बोट दीक्षेत कापलं जातं. अल्तैरच्या डाव्या हाताला ते बोट नाहीच, पण पात्याची रचना तोच सुधारतो. म्हणून दुसऱ्या गेमचा नायक एझिओ याच्या वेळी लिओनार्दो दा विंची सुरा उगारून त्याला घाबरवतो आणि मग सांगतो की आता बोट द्यायची गरज नाही. एझिओच्या वाट्याला बोटावर नुसती डागल्याची खूण येते. बोट म्हणजे फिदया, आणि तो पुढे माफ झाला.

वर्तमानपत्रांत ‘एक फिदायीन ठार’ छापतात. ते अनेकवचन आहे. एक असेल तर फिदाई. मराठीत तो ‘शिपाई’सारखा चालवा: एक फिदाई, दोन फिदाई, फिदायाने पातं काढलं, फिदायांनी तट चढला. ‘फिदायीनांनी’ म्हणजे अनेकवचनावर अनेकवचन.