शहरात दवाखाने जवळ असूनही मुलांची गोवराची लस का चुकते?
बहुतेकदा अडचण अंतराची नसते, वेळेची असते. लसीकरणाची वेळ आणि आईवडिलांच्या कामाची वेळ एकच. रोजंदारीवर असलेल्यांना खाडा परवडत नाही. भाड्याचं घर बदललं की कार्ड हरवतं आणि नव्या वस्तीत मुलाचं नाव कुणाच्याच यादीत नसतं. जास्त गळती दुसऱ्या डोसला होते, कारण मधे महिने जातात आणि आठवण करून देणारं कुणी नसतं. साध्या सर्दीसाठीही लस पुढे ढकलली जाते, खरं तर त्याची गरज नसते. काही सुशिक्षित घरांत लसीमुळे ऑटिझम (स्वमग्नता) होईल अशी भीती असते. ती पसरवणारा १९९८ सालचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, त्यामुळे शहराच्या सरासरीवर कृपया विसंबू नका, सुटलेल्या वस्त्या शोधा.