प्रश्न वाचकांचे : जादा वेळ, लेखनिक आणि न वाचता येणाऱ्या पीडीएफ

माझी मुलगी अल्पदृष्टी असून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेखनिक आणि जादा वेळ दोन्ही मंजूर आहेत. तरीही गेल्या सत्रात तीन तास होताच पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका मागितली. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? (एक पालक, सांगली)

मंजुरी कॉलेजच्या कार्यालयात असते आणि पेपर घेणारा माणूस वर्गात. मधला कागद त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे मंजुरीपत्राची एक प्रत परीक्षा विभागाला, एक केंद्रप्रमुखांना द्या आणि एक मुलीच्या प्रवेशपत्राला टाचून ठेवा. पहिल्या दोन प्रतींवर पोच घ्या. पत्रात नुसतं ‘जादा वेळ’ लिहिलेलं नको. ‘पेपर ११ ते ३’ असं घड्याळ लिहिलेलं हवं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तासाला किमान २० मिनिटं मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेतला नाही तरी हा वेळ मिळतो.

वेळापत्रक जाहीर झालं की लगेच तपासा. एकाच दिवशी ११ ते २ आणि ३ ते ६ असे दोन पेपर असले, तर मुलीचा पहिला पेपर तीनला संपतो आणि दुसरा तीनलाच सुरू होतो. हे परीक्षेच्या सकाळी लक्षात आलं तर कोणीच काही करू शकत नाही. महिनाभर आधी लेखी कळवलं तर दुसरा पेपर उशिरा सुरू करता येतो. खोली स्वतंत्र मागा, नाहीतर लेखनिकाला उत्तर सांगताना शेजारचे ऐकतात आणि तक्रार तुमच्यावरच येते. त्या खोलीच्या पर्यवेक्षकाची पाळी चार तासांची लावायलाही सांगा. पाळी बदलली की नव्या माणसाला काही माहीत नसतं, आणि उत्तरपत्रिका ओढली जाते ती बहुधा तिथेच.

प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत हवी असेल तर ‘१८ किंवा २० पॉइंटमध्ये मूळ फाइलवरून छापा’ असं लिहा. झेरॉक्सवर ताणलेल्या प्रतीत अक्षरांच्या कडा फुटतात आणि आकृत्या काळवंडतात. लेखनिकाच्या शिक्षणाची अट विद्यापीठागणिक वेगळी असते, बदलतही असते. चालू परिपत्रकाची प्रत मागून घ्या. लेखनिक केंद्र देणार असेल तर दोन दिवस आधी त्याला भेटून एखादं जुनं उत्तर लिहवून पाहावं. शुद्धलेखन कच्चं असलेला लेखनिक भाषेच्या पेपरात गुण घालवतो.

मुलाला लिहिताना खूप त्रास होतो. अध्ययन अक्षमतेचं निदान बारावीनंतर झालं, पण प्रमाणपत्रावर अक्षमतेचं प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे. कॉलेज म्हणतं, सवलत नाही. (वाचक, नाशिक)

कॉलेज दोन गोष्टींची गल्लत करतंय. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे. परीक्षेतल्या लेखनिकासाठी ती लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट सांगितलं. अर्जदाराला ‘रायटर्स क्रॅम्प’ होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. लिहिण्यात अडथळा येतो असं सरकारी रुग्णालयातल्या सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र घ्या आणि अर्जात हा निकाल आणि २०२२ची तत्त्वं या दोन्हींचा उल्लेख करा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. नकार कारणासह लेखी मागा. एवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं. नाहीच झालं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तोच कागद जोडून तक्रार करता येते.

आमच्या वर्गात एक अंध विद्यार्थी आहे. मी नोट्स पीडीएफ करून पाठवते, तरी तो म्हणतो वाचता येत नाहीत. कुठे चुकतंय? (प्राध्यापिका, कोल्हापूर)

फाइल उघडा आणि माउसने एक ओळ निवडून पाहा. निवडली जात नसेल तर तो पानाचा फोटो आहे. एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिथे काहीच दिसत नाही. ओळ निवडली गेली तर ती कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ आली, तर नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. आपल्याकडच्या कॉलेजांत ही भानगड फार. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

जुन्या फॉन्टची फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच ओळखता येणाऱ्या अक्षरांत, आणा. फोटोवाली गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. देवनागरी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. मग एकदा वाचून काढा: अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं इथे हटकून चुका असतात, तक्ते तर पार विस्कटतात. वर्डमध्ये शीर्षक ठळक करून भागत नाही, त्याला ‘हेडिंग’ शैली द्या; त्याच खुणांवरून विद्यार्थी उड्या मारत हव्या भागाकडे जातो. आकृतीखाली दोन वाक्यांत तिच्यात काय दिसतं ते लिहा. आणि पीडीएफचा हट्ट सोडून वर्डची फाइलच पाठवली तर निम्मा त्रास वाचेल.

कॉपीराइटची धास्ती नको. २०१२च्या दुरुस्तीपासून दिव्यांग व्यक्तींना वाचता यावं म्हणून पुस्तकाचं असं रूपांतर करण्याची कायद्यात मुभा आहे. टाइप करण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का, तेही बघा.

३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा कार्यक्रम ठरलाय. आणखी काय घेता येईल? (विद्यार्थी प्रतिनिधी, पुणे)

पट्टीचा कार्यक्रम वगळा. दहा मिनिटं पट्टी बांधणाऱ्याला नवखेपणाची भीती कळते. वर्षानुवर्षं पांढऱ्या काठीने सराईत चालणाऱ्याचं जगणं कळत नाही. परत येताना तो कीव घेऊन येतो.

त्यापेक्षा मोजपट्टी घेऊन इमारत फिरा. सोबत व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी असू द्या, त्याची तयारी असेल तर. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. दारात १५ सेंटिमीटरच्या चार पायऱ्या असतील तर चढ ६० सेंटिमीटर, म्हणून रॅम्प किमान ७.२ मीटर लांब लागतो. बऱ्याच ठिकाणी पायऱ्यांच्या कडेला दोन मीटरचा सिमेंटचा उतार थापलेला असतो. त्यावर खुर्ची मागे उलटते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आहे का, ते मोजा. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का आणि आत बादल्या-झाडू रचलेत का, तेही पाहा. किल्ली कोणाकडे असते ते विचारून नाव लिहून घ्या. मोजमापं आणि फोटो प्राचार्यांना द्या, एक प्रत समान संधी केंद्राला. कुलूप त्याच आठवड्यात निघू शकतं. रॅम्पला निधी लागतो, त्यामुळे तो पुढच्या अंदाजपत्रकात धरण्याची मागणी त्याच पत्रात करा.