वाचकांचे प्रश्न : घळीतलं रुग्णालय

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात स्लोव्हेनियाच्या पार्टिझानांनी (परकीय ताब्याविरुद्ध लढणाऱ्या गनिमी सैनिकांनी) जर्मनांच्या नाकावर टिच्चून एक रुग्णालय चालवलं, असं वाचलं. जखमींची सतत ने-आण होत असताना त्याचा ठावठिकाणा फुटला कसा नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ते ‘फ्रान्या’ रुग्णालय. त्सेर्क्नो गावाजवळ पासित्सा नावाची अरुंद, खोल घळ आहे. तिथे डिसेंबर १९४३ मध्ये पहिले जखमी दाखल झाले आणि मे १९४५ पर्यंत काम चाललं. उभारणी डॉ. व्हिक्टर वोल्चाक यांनी सुरू केली. पुढे प्रमुख झालेल्या डॉ. फ्रान्या बोय्त्स बिदोवेत्स यांचं नाव रुग्णालयाला मिळालं.

सगळ्यात मोठी भीती होती ती पाऊलखुणांची. बर्फात किंवा चिखलात एक जरी वाट मळली, तरी गस्तीची तुकडी थेट दारात. म्हणून स्ट्रेचर रात्री आणायचं आणि शेवटचा टप्पा ओढ्याच्या पात्रातूनच चढायचा. वाहत्या पाण्यात माग उरत नाही. कडे उभे आहेत तिथे लाकडी पूल होते, काम झालं की ते ओढून घेता येत.

दुसरा धोका जखमींपासूनच. बरा होऊन परतलेला सैनिक उद्या पकडला गेला आणि छळापुढे बोलला तर? म्हणून येताना त्याचे डोळे बांधत. ज्याला वाट माहीतच नाही, त्याच्याकडून ती काढून घेणार कशी? धान्य-भाजीपाला आणणारे शेतकरीही ठरलेल्या जागी माल ठेवून परत फिरत, तिथून पुढे तो रुग्णालयाची माणसं वाहून नेत.

विमानांतून दिसू नयेत म्हणून झोपड्या झाडीआड, कड्यांना चिकटून बांधल्या होत्या. त्यांत शस्त्रक्रियेची खोली होती, क्ष-किरण यंत्र होतं आणि वीज मिळावी म्हणून छोटं जलविद्युत केंद्रही. वर कड्यांवर मशीनगनचे मोर्चे आणि सुरुंग. तरी जर्मन दोनदा चालून आले, पण रुग्णालय त्यांच्या हाती लागलं नाही. पार्टिझानांबरोबर इटालियन, सोव्हिएत, फ्रेंच आणि अमेरिकन जखमींवरही इथे उपचार झाले.

कडेकपारींचं कौतुक होतं ते योग्यच, पण माझ्या मते खरं श्रेय आसपासच्या शेतकऱ्यांचं. पार्टिझानांना मदत केल्याचा नुसता संशय आला तरी घर जाळलं जाई, माणसं छळछावणीत जात. हे ठाऊक असूनही त्यांनी दीड वर्ष धान्य पुरवलं आणि तोंड मिटून ठेवलं.

सप्टेंबर २००७ च्या पुरात बहुतेक झोपड्या वाहून गेल्या. आज दिसतात त्या जुन्या बांधणीबरहुकूम नव्याने उभारलेल्या. २०१० मध्ये त्या पुन्हा खुल्या झाल्या. ओढ्याकाठची वाट चढणीची आणि ओली असते, चांगली पकड असलेले बूट घाला.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात स्लोव्हेनियाची राजधानी असलेल्या लुब्लियाना शहराभोवती खरंच तारेचं कुंपण होतं का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : होय. एप्रिल १९४१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मुक्ती आघाडी’ या प्रतिकार संघटनेचं जाळं शहरात घट्ट विणलेलं होतं. माणसं, औषधं, कागद, बातम्या, सगळं तिथून जंगलातल्या तुकड्यांकडे जाई. शहर तेव्हा इटलीच्या ताब्यात होतं. तो पुरवठा तोडायला इटालियनांनी २३ फेब्रुवारी १९४२ पासून शहराला काटेरी तारांनी वेढलं. वेढा सुमारे ३० किलोमीटरचा होता. ये-जा फक्त चौक्यांवरून, तीही परवाना दाखवून. इटलीने सप्टेंबर १९४३ मध्ये शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी तो तसाच चालू ठेवला. ९ मे १९४५ ला शहर मुक्त झालं. तारांच्या जागेवरून आता झाडांनी भरलेली पायवाट जाते. ती चालायला एक अख्खा दिवस हाताशी ठेवा.