मेडिकलला जायचंय, मग मानसशास्त्र का?

"मुलगी अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. डॉक्टर व्हायचं पक्कं आहे, पण मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, सायकॉलॉजीच हवं म्हणते. तिच्या बाबांना वाटतं, बायॉलॉजी सोडलं तर मेडिकलचा नाद सोडावा लागेल. काय करावं?" – एक आई

ताई, तिला मानसशास्त्र घेऊ द्या. तिथली मेडिकल कॉलेजं अमुकच विषयात पदवी हवी, असा आग्रह धरत नाहीत. आवश्यक विषय झालेत का, गुण कसे आहेत आणि एमकॅटचा, म्हणजे तिथल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचा, स्कोअर किती, हे आधी बघतात. या एमकॅटच्या चार विभागांपैकी एक २०१५ पासून मुख्यतः मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाच आहे. ९५ मिनिटांत ५९ प्रश्न, आणि स्कोअरमध्ये वजन इतर विभागांइतकंच.

मात्र केवळ या विभागासाठी मेजर घेण्याची गरज नाही. तिथे प्राथमिक पातळीचं मानसशास्त्र विचारतात, ते एक-दोन कोर्समध्ये होतं. खरा फायदा पुढे, पेशंटसमोर बसल्यावर कळतो. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना पुढच्या खेपेला औषध चढवायच्या आधीच, हॉस्पिटलच्या नुसत्या वासानेही मळमळायला लागतं. पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात खाण्याआधी घंटा वाजायची, म्हणून पुढे नुसती घंटा ऐकूनच कुत्र्याला लाळ सुटायची, तीच ही प्रक्रिया. हे शिकलेली डॉक्टर "मनाचे खेळ आहेत" म्हणून पेशंटला गप्प करणार नाही. गोळ्या लिहून दिल्या तरी माणूस त्या का घेत नाही, हा प्रश्नही तिला आधीपासून पडलेला असेल. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता बाबांची काळजी. ती अगदीच चुकीची नाही. जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायॉलॉजी हे सगळं, लॅबसकट, मानसशास्त्राच्या जोडीला करावंच लागेल. बायोकेमिस्ट्रीही एमकॅटआधी झालेली बरी. बहुतेक मुलं अडकतात ती इथे: मेजरचे आवडते कोर्स आधी उरकतात आणि ऑरगॅनिक पुढे ढकलत राहतात. शिवाय अर्जात सायन्स जीपीए, म्हणजे विज्ञान विषयांच्या ग्रेडची सरासरी, वेगळा मोजतात. त्यात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित धरतात, मानसशास्त्र नाही. म्हणजे सायकॉलॉजीतल्या 'ए' ग्रेडनी केमिस्ट्रीतला 'सी' झाकला जात नाही.

तिला चारही वर्षांचा सेमिस्टरवार तक्ता करायला सांगा. पहिल्याच सेमिस्टरपासून केमिस्ट्री त्यात दिसली पाहिजे. कॉलेजात मेडिकलला जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या (प्री-मेड) सल्लागाराकडून तो तपासून घ्या आणि मग बाबांसमोर ठेवा.