लॅपटॉपला एचडीएमआयने जोडलेला ४के मॉनिटर लुकलुकतो, मधेच सेकंदभर काळा होतो. बिघाड कुठे?

आधी केबल काढा आणि मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा. तोही थरथरत असेल तर दोष मॉनिटरच्या बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) किंवा त्याच्या वीज-अॅडाप्टरचा. लॅपटॉपच्या मागे लागू नका.

मेनू स्थिर असेल तर बहुतेक वेळा केबलच. ४के ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) एचडीएमआय २.० लागतं, म्हणजे १८ जीबीपीएस इतका डेटाचा वेग. जुन्या ‘हाय स्पीड’ केबलची हमी १०.२ पर्यंतचीच. चित्र दिसतं, पण सिग्नल मधेच तुटतो. खात्री करायची तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट ३० करा. लुकलुक थांबली? मग ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली दोन मीटरच्या आतली केबल घ्या. मध्ये यूएसबी-सी हब असेल तर आधी त्यावर संशय घ्या. अनेक स्वस्त हब ४केला ३० हर्ट्झच देतात.

३० वरही तेच? मॉनिटरमधलं फ्रीसिंक (रिफ्रेश रेट आपोआप बदलत ठेवणारी सोय) बंद करा, ग्राफिक्स ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून टाका.

आणि हो, खुर्चीवरून उठताच स्क्रीन काळी होत असेल तर हसू नका: गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतली स्थिर वीज कच्च्या शील्डिंगच्या (बाहेरचा विद्युत त्रास अडवणाऱ्या आवरणाच्या) केबलला खरंच त्रास देते.